लेकराचे प्रगतिपुस्तक आणि घरची वही



विदर्भात शाळेची घंटा आणि पेरणीचा पाऊस एकाच वेळी येतात. उन्हाळा कडक म्हणून इथल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात किंवा जुलै लागता लागता उघडतात. नेमक्या त्याच दिवसांत कास्तकार कृषी केंद्राच्या दारात उभा असतो. एका हातात बियाण्याची पिशवी, दुसऱ्या हातात वह्या-पुस्तकांची यादी. खिसा मात्र एकच आणि तोही उधारीचा.

नोकरदाराच्या घरी पगार महिन्याच्या महिन्याला येतो. आपल्या घरी पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर दसरा-दिवाळीला, कापसाचा त्यानंतर, तुरीचा संक्रांतीच्या मागेपुढे, आणि काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बहारावर. शाळा मात्र पैसा मागते जूनमध्येच. जून ते नोव्हेंबर ही पाच महिन्यांची जी दरी आहे, तिच्यात कास्तकारांच्या किती लेकरांचे शिक्षण पडून गेले याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. आज आम्हांला त्या दरीबद्दल बोलायचे आहे आणि ती ओलांडण्यासाठी घरातल्या घरात काय करता येईल तेही सांगायचे आहे. भावाचा लढा चालूच राहील. पण भाव मिळेपर्यंत लेकरू काही चौथीत थांबून राहत नाही.

फीवरचे व्याज

हिशेब साधा आहे. धरा, दोन लेकरांची फी, गणवेश, पुस्तके आणि ऑटो मिळून जूनमध्ये २०,००० रुपये लागले. ते गावातून शेकडा तीन रुपये महिन्याने काढले. पाच महिन्यांचे व्याज झाले ३,००० रुपये. नागपूरच्या नोकरदाराला जी शाळा २०,००० ला पडते, तीच आपल्याला २३,००० ला पडते. शाळा तीच, मास्तर तेच. दिवाळीला भाव पडला आणि फेड झाली नाही, तर पुढच्या जूनपर्यंत त्या २०,००० चे २७,२०० होतात आणि तोवर नव्या वर्षाची फी दारात उभी राहते.

मग बँक आहे ना, असे शहाणे लोक म्हणतील. किसान क्रेडिट कार्ड १९९८ साली सुरू झाले. त्याची मर्यादा ठरवताना पीककर्जाच्या १० टक्के रक्कम काढणीनंतरच्या गरजा आणि घरखर्च यांसाठी धरतात. एक लाखाच्या पीककर्जामागे घराला १०,००० रुपये, तेही सबंध वर्षासाठी. त्यात किराणा आला, दवाखाना आला, सोयऱ्यांच्या लग्नातला आहेर आला आणि शाळाही आली. ते पुरत नाहीत हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

मग खतासाठी काढलेले पैसे फीत जातात. खत उधार येते आणि उधारीचे पोते रोखीच्या भावाने मिळत नाही. लेकराची फी अखेर खताच्या पोत्यावर चढून बसते. घरच्या वहीत, जर वही असेलच तर, ती रक्कम खताच्या नावावर लिहिली जाते. असा वावराचा हिशेब खोटा पडतो आणि घराचाही. शेती तोट्यात किती आणि घर तोट्यात किती, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

कमाई कोणाच्या हाताची?

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीत २०१८-१९ या वर्षासाठी शेतकरी कुटुंबांची मिळकत मोजली गेली. देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न निघाले १०,२१८ रुपये. त्यात पिकापासून आलेले ३,७९८ आणि मजुरीतून आलेले ४,०६३. शेतकरी म्हणून ज्यांची नोंद झाली त्यांच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त! दर १०० पैकी ५० कुटुंबांवर कर्ज आणि कर्जाची सरासरी ७४,१२१ रुपये.

या आकड्यांमागचे घर आपल्याला पाठ आहे. स्वतःच्या पऱ्हाटीतले निंदण आटोपून दुसऱ्याच्या वावरात वेचणीला जाणारी बाई त्यात आहे. वह्या आणि पेन तिच्या मजुरीतून येतात. सहलीचे पैसे आणि परीक्षेची फी तिच्याच पदराच्या गाठीतून सुटते. मोठा पैसा धन्याच्या हातून जातो आणि तो सगळ्यांना दिसतो. लहान पैसा तिच्या हातून जातो आणि तो कोणी मोजत नाही.

कृषी मूल्य आयोग १९६५ साली नेमला गेला. हा आयोग पिकाचा उत्पादनखर्च काढताना घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरी धरतो. ‘ए-२ अधिक एफएल’ असे जे म्हणतात, त्यातले एफएल म्हणजे हेच घरचे श्रम. २०१८-१९ पासून हमीभाव या खर्चाच्या दीडपट असल्याचे सरकार सांगते. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज धरलेले नाही, म्हणून तो हिशेब अपुरा आहे, हे आपण बैठकीत वारंवार बोललो आहोत. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. दिल्लीतल्या आयोगाच्या कागदावर आपल्या घरच्या बाईच्या श्रमाला निदान एक रकाना आहे. आपल्या घरच्या वहीत तोही नाही. सरकारने घामाचा दाम मोजला नाही म्हणून आपण रस्त्यावर येतो. तोच घाम घरात मोजला जात नसेल, तर तो सवाल घरातही विचारला पाहिजे.

भावाचा आणि शाळेचा संबंध किती थेट आहे तोही पाहा. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. बाजारात माल त्याच्या बराच खाली गेला. क्विंटलमागे ६०० रुपये जरी कमी मिळाले, तरी २० क्विंटलमागे १२,००० रुपये जातात. ही रक्कम पट्टीवर कुठे लिहिलेली नसते. ती लेकराच्या शाळेच्या खात्यातून कापली जाते.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले होते. सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या मुलांवर होतो, असे त्यांनी सरकारला सुनावले आणि बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा कायदा देशात झाला २००९ साली आणि तो लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. मधली सव्वाशे वर्षे कोणाच्या लेकरांची गेली, ते सांगायला नको.

प्रगतिपुस्तकात काय लिहिलेले नाही

आता ज्यासाठी एवढा पैसा जातो त्या शिक्षणाकडे वळू. गावोगाव कॉन्व्हेंटच्या गाड्या फिरतात. टाय बांधलेले लेकरू गाडीत चढताना पाहून मायबापाचा ऊर भरून येतो आणि त्यात वावगे काही नाही. इंग्रजी शिकू नका असे आम्ही म्हणणार नाही. तालुक्याच्या कचेरीपासून नागपूरच्या हायकोर्टापर्यंत जी भाषा चालते, ती आपल्या लेकरांना आलीच पाहिजे. पण आपण जिनसेचे पैसे देतो तेव्हा जिन्नस पारखून घेतो. बियाणे उगवले नाही तर दुकानदाराला जाब विचारतो. शाळेच्या बाबतीत मात्र प्रगतिपुस्तकावर सही केली की पारख संपली, असे होऊ नये.

‘असर’ नावाची पाहणी २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागात होते. तिची रीत सोपी आहे. पाहणी करणारा घरी येतो, लेकराला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतो आणि वजाबाकी-भागाकाराची गणिते घालतो. २०२२ साली पाचवीतल्या १०० पैकी ४३ लेकरांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. उरलेली ५७ लेकरेही पाचवीतच बसलेली होती आणि त्यांच्याही प्रगतिपुस्तकावर कोणीतरी सही केलेली होती.

ही परीक्षा घरी घेता येते. त्याला शिकवणी लागत नाही आणि मायबाप शिकलेले असावे लागतात असेही नाही. रात्री भाकरी थापताना लेकराला शेजारी बसवावे आणि मोठ्याने वाचायला सांगावे. निरक्षर मायलाही कळते की लेकरू सरळ वाचते की दर शब्दाला अडखळते. गणितासाठी बाजाराची पट्टी पुढे ठेवावी. वजन १२ क्विंटल ४० किलो, भाव ४,३५०, रक्कम किती? उत्तर ५३,९४० यायला हवे. त्यातून हमाली, तोलाई वजा करून हाती किती पडले? कडता किती धरला? सातवी-आठवीतल्या पोराला किंवा पोरीला हे करता आले, तर फी कारणी लागली. आले नाही, तर पहिले शाळेत जाऊन मास्तरांशी बोलावे आणि मगच दुसऱ्या गाडीचा विचार करावा. जिल्हा परिषदेची शाळा असो की कॉन्व्हेंट, कसोटी एकच ठेवावी. लेकराला मात्र मारू नये, शेजारच्या पोराशी तुलनाही करू नये. उगवण कमी झाली म्हणून कोणी रोपाला झोडपत नाही, जमीन आणि पाणी तपासतो.

आणखी एक. त्याच २००९ च्या कायद्याने खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांच्या लेकरांसाठी राखीव आहेत. सरकारी शाळेजवळच्या खाजगी शाळांना यातून सूट देणारा नियम महाराष्ट्र शासनाने २०२४ साली केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द केला. अर्ज ठरलेल्या तारखांतच भरावा लागतो. ज्या घरात तारीख कळत नाही तिथे हक्क असून नसल्यासारखा होतो. गावातल्या एका शिकलेल्या पोराने वा पोरीने या तारखांवर नजर ठेवण्याचे काम अंगावर घ्यावे.

लेकीचा वाटा

घरात पैसा कमी पडला की कात्री कोणाच्या शिक्षणाला लागते? वेचणीच्या दिवसांत शाळा कोणाची बुडते? धाकट्याला सांभाळायला घरी कोण राहते? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. पोराच्या कोचिंगसाठी नागपुरात खोली घेतली जाते आणि पोरीला सांगितले जाते, दहावी झाली, आता पुरे.

पैशाचे कारण आता पूर्वीसारखे उरलेले नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गाच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अट एवढी की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा. मॅनेजमेंट कोट्याला माफी नाही. ज्याने घाईने कोट्यातून प्रवेश घेतला, त्याने लाखाची सवलत हातची घालवली. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एस.टी.चा प्रवास अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून फुकट आहे. म्हणजे अडचण तिकिटाची राहिली नाही, ती गाडीच्या वेळेची आहे. शाळा सुटते पाचला आणि गाडी येते सातला, तर कुही-भिवापूरकडच्या आडगावच्या पोरीचा बाप तिला पाठवणार कसा? गाडीची वेळ बदलून घेणे हे आंदोलनाचे काम आहे आणि डेपोवर दहा गावच्या बाया गेल्या तर ते होण्याजोगे आहे.

दुसरे कारण सांगतात लग्नाचे. शिकवायचे आणि लग्नही करायचे, दोन्ही कसे जमणार? यावर आमचे म्हणणे स्पष्ट आहे. लग्नातला मांडव एका दिवसात उतरतो आणि त्याचे व्याज पाच वर्षे चालते. लग्नात दिले म्हणजे लेकीचा वाटा फिटला, हा समजही कायद्याने खोटा ठरवला आहे. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली मानला, देशाने २००५ साली, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क जन्मानेच आहे, २००५ साली बाप हयात असो वा नसो. शिकलेल्या लेकीला आपला हक्क वाचता येतो, म्हणूनच काही घरांत तिला शिकवायची भीती वाटते. ती भीती सोडावी. भाऊ-बहीण दोघे शिकले तर वावराचा वाद कोर्टाऐवजी घरात मिटण्याची आशा तरी राहते.

साठवायचे तर साठवण आपल्या हंगामाला जुळणारी असावी. २०१५ साली सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी योजनेत दहा वर्षांच्या आतल्या मुलीचे खाते पोस्टात उघडता येते. वर्षाला कमीत कमी २५० रुपये भरावे लागतात आणि दर महिन्याच्या हप्त्याची सक्ती नाही. म्हणजे कापूस विकल्यावर एकदाच भरले तरी चालते. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. भिशीत पैसा बुडण्यापेक्षा हे बरे.

पोरांच्या कोचिंगबद्दलही दोन शब्द. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, फीची पावती द्यावी, आणि मुलाने मधेच वर्ग सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे त्यांत म्हटले आहे. सावकाराकडून काढलेले लाखभर रुपये एकरकमी मोजण्याआधी हे विचारावे आणि पावती घेतल्याशिवाय पैसा सोडू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पोराला विचारावे, की बाबा, तुला हे शिकायचे आहे का? बापाने वावर गहाण टाकले, या ओझ्याखाली खोलीत एकटे बसलेले पोर अभ्यास करील की फोनवर खोटे बोलेल? पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढले, ते खेड्यातल्या पोरांना शहरात शिकता यावे म्हणून. आज त्यांच्याच नावाने अल्पभूधारकांच्या मुलांसाठी वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे. खोली भाड्याने घेण्याआधी तिचा अर्ज भरावा. शिक्षणासाठी बँकेचे कर्जही चार लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळण्याची तरतूद आहे. सावकार हा शेवटचा दरवाजा असावा, पहिला नव्हे.

लपवलेले कर्ज

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. आपल्या घरांत कर्जाचा आकडा बहुधा एकाच माणसाच्या डोक्यात असतो. बायकोला काळजी नको, लेकरांच्या अभ्यासात व्यत्यय नको, म्हणून तो गप्प राहतो. हेतू चांगला असतो, पण ते ओझे त्याच्या एकट्याच्या छातीवर बसते. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याच्या घराचा, बायको आणि चार लेकरांसह, शेवट झाला. त्यानंतर विदर्भाने किती घरे उजाड होताना पाहिली! मागे राहिलेल्या बाईला मदतीचा अर्ज करताना विचारतात, सातबारा कोणाच्या नावावर? कर्ज कोणत्या बँकेचे, किती? तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळते की कर्ज किती होते.

शेतकऱ्याचे मरण हे धोरणाचे पाप आहे आणि ते पाप सरकारच्या माथ्यावरून आम्ही खाली उतरू देणार नाही. पण कर्ज ही शरमेची गोष्ट नाही हे घरातल्या लेकरांना बापाच्याच तोंडून कळले पाहिजे. भाव बुडवला गेला, म्हणून कर्ज झाले. ज्याला बुडवले त्याने तोंड लपवायचे कारण नाही. हिशेब उघडा असला की दहावीतली पोर म्हणते, बाबा, यंदा नवा मोबाइल नको. आणि बाई म्हणते, लग्नाचा आहेर मी बघते, तुम्ही बँकेत जाऊन या. एकट्याचे ओझे चौघांत वाटले जाते. कोणाचा बाप किंवा भाऊ फार गप्प झाला असेल, जेवण सोडत असेल, तर शेजाऱ्याने त्याच्याजवळ जाऊन बसावे, त्याला एकटे सोडू नये आणि दवाखान्यात न्यायला लाजू नये.

शरद जोशींनी चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम मांडला, तेव्हा नवऱ्यांनी आपखुशीने बायकोच्या नावावर जमीन करून दिली. ज्या घरात बाईचे नाव सातबाऱ्यावर आहे, त्या घरात तिला हिशेब विचारण्याचा अधिकार वेगळा द्यावा लागत नाही.

बैठकीसाठी चार कामे

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा येतो. लेकरे लाकडी नंदी सजवून दारोदार जातात आणि बोजारा घेतात. नागपुरात त्याच दिवशी मारबत निघते आणि लोक घरातली इडापिडा तिच्यासोबत गावाबाहेर घालवतात. तोवर पेरणीचा खर्च होऊन गेलेला असतो आणि माल यायचा असतो. हिशेबाला याहून चांगला दिवस नाही. आमची सूचना अशी:

पहिले, त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे आणि शंभर पानी वहीत चार रकाने पाडावेत: वावर, घर, शाळा, कर्ज. शाळेचा पैसा शाळेतच लिहावा, खतात नाही. लिहिण्याचे काम घरातल्या शाळकरी लेकराने करावे.

दुसरे, घरच्या बाईच्या वावरातल्या कामाचे दिवस गावच्या मजुरीच्या दराने मांडावेत.

तिसरे, सातबारा, पीककर्जाचे पासबुक, विम्याची पावती आणि लेकरांचे दाखले एका पिशवीत ठेवावेत आणि ती पिशवी कुठे आहे हे नवरा-बायको दोघांना माहीत असावे.

चौथे, दिवाळीनंतरच्या जिल्हा बैठकीला येताना शाळेच्या रकान्याची बेरीज चिठ्ठीवर लिहून आणावी. नाव नको, फक्त तालुका, लेकरे किती आणि आकडा. रामटेकच्या धानवाल्याचा, उमरेडच्या सोयाबीनवाल्याचा, काटोलच्या संत्रेवाल्याचा असे आकडे एकत्र झाले, की क्विंटलमागे शिक्षणाचा खर्च किती पडतो ते काढता येईल. उत्पादनखर्चाच्या मागणीत तो रकाना कोणी आजवर मागितलेला नाही. आपल्याला तो मागायचा आहे, आणि मागताना हातात आपल्या लेकरांच्या अक्षरातली वही असली पाहिजे.